टाकी म्हणाली, ‘चालेल’

पैज लागली ती पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी, आणि लावणाऱ्या दोघांच्या वयाची बेरीज शंभराच्या वर जात होती.

टेम्पोतून नवी काचेची टाकी उतरवून जमिनीवर ठेवली होती. टाकी कसली, एखादी म्हैस पाय दुमडून आत बसली असती. मल्लिनाथ हत्तुरे तिच्याभोवती फेऱ्या मारत होता, जशी काही ती त्यानं स्वतः फुंकून तयार केली होती. शेजारचा अंबादास बोल्ली तोंडात ब्रश घेऊन बघत उभा होता.

“मल्ल्या, ही घरात जायची नाही,” अंबादास म्हणाला.

“जाईल की. दार मोजलंय.”

“टाकी जाईल बे. मासे जातील का? लीलावहिनींची जुनी टाकी आता बोलती. ती नको म्हणणार. रोज म्हणती, मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

“माझ्या घरात मला कुणी नको म्हणत नाही,” मल्लिनाथ म्हणाला. “टाकी चालेल म्हणणार. लाव पैज.”

पैज कशावर लावायची यावर बराच खल झाला. हुरडा पार्टी नको, ती हरणारा आणि जिंकणारा दोघंही खातात. मिशी नको, अंबादासला मिशीच नव्हती. तेवढ्यात गेटातून घंटागाडी आत वळली. जुळे सोलापूर भागात ह्या गाड्या आपोआप चालायला लागून दोन वर्षं झाली होती. ड्रायव्हर गेला होता, भोंगा राहिला होता. लोकांनी गॅलरीतून ‘थांब’ म्हटलं की गाडी थांबायची, ‘चल’ म्हटलं की चालायची. म्हाताऱ्यांना कचरा आणायला वेळ लागतो म्हणून ही सोय केली होती.

“ठरलं,” अंबादास ब्रश काढून म्हणाला. “जो हरेल त्यानं ह्या गाडीच्या मागच्या फळीवर उभं राहायचं. लग्नातला फेटा बांधून. माईक हातात. सगळ्या कॉलनीत ओला कचरा, सुका कचरा ओरडत फिरायचं.”

“टाकी नको म्हणाली तर मी, चालेल म्हणाली तर तू.”

“हात दे.”

दोघांनी टाकीच्या वरून हात मिळवले.

शिवलीला हत्तुरे हे सगळं पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बघत होती. टाकी तिची, मासे तिचे, आणि पैज ह्यांची. तिला कुणी वर मान करूनसुद्धा विचारलं नाही. ती आत गेली आणि चहाचं भांडं गॅसवर जरा जोरात ठेवलं. तेवढंच.

*

समुद्रापासून इतक्या लांब, सोलापुरात, खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हणजे माणूस एकतर श्रीमंत पाहिजे नाहीतर हट्टी. शिवलीला श्रीमंत नव्हती. फिल्टरच्या पाण्यात खास मीठ कालवून ती घरी समुद्र बनवायची. खारेपणा मोजायची, गार करायची, ढवळायची. नवरा मित्रांना सांगायचा, “आमच्याकडे दोन स्वयंपाक असतात. माशांचा आधी होतो.”

टाकीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी होती. त्या जातीत मोठी असते ती बायको, आणि नवरा तिच्या निम्म्यानं. बायको मेली तर नवराच हळूहळू बायको होतो. हे शिवलीलाला फार आवडायचं. मोठीचं नाव तिनं अक्का ठेवलं होतं आणि धाकट्याचं भाऊजी. दोघं ज्या समुद्रफुलात राहायचे ते फूल नव्हतंच, तोही एक प्राणी होता. बोटाएवढा आणला होता, आता परातीएवढा झाला होता. त्याच्या शेकडो बोटांत अक्का लोळायची आणि भाऊजी तिच्यामागे मागे करायचा. बिचाऱ्यांना जागा पुरत नव्हती, हे खरं होतं.

बाकी घरात सगळं मल्लिनाथच्या मनासारखं होतं. सोफ्याचा रंग, पडदे, टीव्हीचा आवाज, हॉलच्या मधोमध मांडलेली त्याची पाय वर करून झोपायची खुर्ची. टाकी तेवढी शिवलीलाच्या मनासारखी होती. म्हणून ती टाकी दगावली असती तर काय गेलं असतं, हे ज्याचं त्यानं समजावं.

आता एक गोष्ट नीट ऐकून घ्या, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. आपल्याला मासे दिसतात म्हणून आपण तिला माशांची टाकी म्हणतो. खरी मालकी बॅक्टेरियांची असते, मासे भाडेकरू. मासे खाऊन घाण करतात, तिचा अमोनिया होतो आणि तो माशांना विष असतो. दगडांच्या बारीक भोकांत बसलेले एका जातीचे बॅक्टेरिया त्या विषाचं दुसरं विष करतात, आणि त्यांच्या शेजारी बसलेले दुसऱ्या जातीचे त्या दुसऱ्याचं जवळजवळ निरुपद्रवी खत करतात. ही वस्ती पाण्यात तरंगत नाही, दगडाला चिकटून असते. ती बसायला महिनोन्‌महिने लागतात. लोणचं मुरतं तशी टाकी मुरते. मुरलेली टाकी हलवायची म्हणजे मासे उचलायचे एवढंच नसतं. ही न दिसणारी वस्ती उचलायची असते, तिला फार पत्ता लागू न देता.

आणि टाकी बोलत होती ती त्या ‘दुभाष्या’ नावाच्या डब्यामुळे.

दुभाष्या आधी गोठ्यांत आला, म्हशींसाठी. मग टाक्यांसाठी निघाला. पाण्यात एक पारदर्शक पट्टी सोडायची. बॅक्टेरिया एकमेकांना रसायनांतून निरोप देत असतात, किती जण आहोत, हाल काय आहेत. समुद्रफुलाला त्रास झाला की ते चिकट स्राव सोडतं. मासे दात आपटून टकटक करतात. पट्टी हे सगळं टिपते आणि त्याचा एकच हिशेब काढते, ताण किती. नुसता आकडा दाखवला तर घरात कुणी बघत नाही, हे कंपनीला गोठ्यातच कळलं होतं. म्हणून डबा बोलतो. पण त्यानं ताणाला शब्द कुठले लावायचे? तर घरचे. महिनाभर घरातल्यांनी मनगटाला पट्टा बांधायचा. कुठला शब्द बोलताना नाडी किती धावते, ते डबा शिकतो. मग टाकीचा ताण ज्या पायरीवर, त्या पायरीवर घरात जो शब्द पडतो, तो डबा उच्चारतो. घरच्याच सुरात.

पट्टा दोघांनी बांधायचा होता. मल्लिनाथला तो टोचला. त्यानं पहिल्या दिवशीच काढून टीव्हीवर ठेवला. म्हणजे टाकी शिकली ती एकट्या शिवलीलाकडून.

सगळं ठीक असलं की डबा म्हणायचा, “बरंय.” पोटभर खाणं झालं की म्हणायचा, “नको, नको, पुरे.” हेच ते ‘नको’ अंबादासनं ऐकलं होतं. उन्हाळ्यात एकदा वीज गेली आणि पाणी तापलं, तेव्हा डबा बारीक आवाजात म्हणाला, “चालेल.” मल्लिनाथ खूश झाला. “बघ, टाकी किती समजूतदार आहे.” दुसऱ्या दिवशी अक्कानं दाण्याला तोंड लावलं नाही. शिवलीलाला वाटलं, उष्मा.

मोठी टाकी आणायची टूम मल्लिनाथचीच. खिडकीपाशी शिवलीलाचं शिलाई मशीन असायचं, उजेड चांगला म्हणून. तिथं टाकी ठेवायची, म्हणजे दारातून येणाऱ्याला आधी दिसेल.

“खिडकीत?” शिवलीला म्हणाली होती.

“मग? शोभा येईल. मशीन माळ्यावर टाकू. चालेल ना?”

सोलापूरचं ऊन थेट टाकीवर पडलं तर पाणी तापणार, शेवाळ माजणार, हे तिला ठाऊक होतं. मशीनवर तिच्या भाचीचा अर्धा शिवलेला परकर होता. हे सगळं सांगायला तोंड उघडावं, मग तो आवाज चढवणार, मग जेवण गार होणार. तिनं श्वास सोडला आणि म्हणाली, “चालेल.”

मल्लिनाथनं त्याच संध्याकाळी टाकी मागवली.

*

हलवाहलवीच्या दिवशी शिवलीलानं सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं. सगळे म्हणजे मल्लिनाथ, अंबादास, आणि अंबादासची बायको नागमणी, जी मदतीपेक्षा निकालासाठी आली होती.

“आधी जुनं पाणी टबात भरायचं. दगड त्या पाण्यातच बुडवून ठेवायचे, वर काढायचे नाहीत. अक्का, भाऊजी आणि फूल त्या झाकणाच्या डब्यात, हवेच्या नळीसकट. जुन्या वाळूचा तळ ढवळायचा नाही. आणि नळाचं पाणी कशालाही लागता कामा नये. त्यात औषध असतं.”

“झालंच समज,” मल्लिनाथ म्हणाला. मल्लिनाथ जेव्हा झालंच म्हणतो, तेव्हा सुरुवात झालेली नसते.

पहिल्या तासात त्यांनी वाळूचा तळ ढवळला. अंबादासचा हात निसटला आणि एक दगड वरून धपकन पडला. वर्षानुवर्षं खाली बसलेला काळा गाळ उसळून वर आला, कुजक्या अंड्यांचा वास घरभर पसरला. शिवलीलानं डोळे मिटले.

“काही नाही,” ती म्हणाली.

“बघ, वहिनी म्हणतात काही नाही,” अंबादास म्हणाला.

“वास येतोय खरं,” मल्लिनाथ म्हणाला. “पण जुनं म्हटलं की येणारच.”

नव्या टाकीला समुद्र कमी पडत होता. शिवलीला कळशी घेऊन शेजारी, नागमणीच्या स्वयंपाकघरात, फिल्टरचं पाणी भरायला गेली. नागमणी सोबत गेली, कारण फिल्टर तिचा होता आणि बोलायचंही होतं.

“तुमचे हे पैज जिंकले तर आमच्या ह्यांना फेट्यात बघायचंय मला,” नागमणी म्हणाली. “लग्नात नीट बघितलंच नाही. मान खाली घालायला लावली होती.”

“मला दोघंही कचऱ्याच्या गाडीत चालतील,” शिवलीला म्हणाली.

इकडे हॉलमध्ये मल्लिनाथ टबातल्या दगडांकडे बघत होता. दगडांवर जांभळे, हिरवे, तपकिरी डाग, चिकट थर, कुठेतरी एक किडा डोकं बाहेर काढून बघत होता. नवी टाकी आरशासारखी लखलखत होती.

“अंब्या, हे असंच टाकायचं आत?”

“नव्या घरात जुना मळ नेतं का कुणी?”

“लीला म्हणाली, नळाचं पाणी नको.”

“त्या म्हणाल्या. टाकीला विचार की. मासे टाकीत राहणार, का वहिनी?”

मल्लिनाथला हे पटलं. शिवाय पैज होतीच. दुभाष्याची पट्टी माशांच्या डब्यात सोडलेली होती, आणि त्या पाण्यात आत्ताच उसळलेला गाळही मिसळलेला होता. मल्लिनाथ डब्यापाशी वाकला आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, “दगड जरा स्वच्छ करून टाकले तर चालेल ना?”

दुभाष्यानं हिशेब केला. मग म्हणाला, “चालेल.”

“ऐकलंस? तूच ऐकलंस ना अंब्या? चालेल म्हणाली. बांध फेटा.”

अंबादासचं तोंड पडलं. पण खेळ म्हणजे खेळ. त्यानं बाह्या वर केल्या आणि दोघंही दगड न्हाणीघरात घेऊन बसले. नळ सोडला, कपड्यांचा ब्रश घेतला आणि एकेक दगड असा घासला की तो कुठल्या समुद्रातून आला हे त्याचं त्यालाच आठवू नये.

“चालेल,” डबा हॉलमधून म्हणाला.

“ऐकतोय, ऐकतोय,” मल्लिनाथ न्हाणीघरातून ओरडला. “उत्साह बघ तिचा.”

“चालेल. चालेल. तुम्ही करा तुम्हाला हवं ते. चालेल मला.”

*

शिवलीला कळशी कमरेवर घेऊन दारात आली, आणि तिनं ते ऐकलं.

आधी तिला वाटलं, आपणच बोललो. तोच सूर. सुरुवातीला तो सोडलेला श्वास, शेवटच्या अक्षरावर तो हलकासा खाली उतरलेला आवाज. तिनं पडद्यांना म्हटलेलं चालेल. सोफ्याला म्हटलेलं. गोव्याला जायचं ठरवून ऐनवेळी मल्लिनाथच्या मित्राच्या शेतावर गेले तेव्हाचं. खिडकीला म्हटलेलं. चालेल.

तिनं कळशी खाली ठेवली नाही, सोडून दिली. नागमणीच्या फिल्टरचं पाणी जिन्यापर्यंत वाहत गेलं.

माशांच्या डब्यात समुद्रफूल मुठीएवढं आक्रसलं होतं. अक्का पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. भाऊजी तिच्या पोटाखाली तिरका झाला होता.

“दगड कुठायत?”

“न्हाणीघरात. अगं, लख्ख निघालेत, बघच तू.”

ती न्हाणीघराच्या दारात उभी राहिली. अर्धे दगड पांढरेफटक होऊन पाटावर वाळत पडले होते. मल्लिनाथच्या हातात ब्रश होता, अंबादासच्या हातात पुढचा दगड. नळ चालू.

“खाली ठेवा तो.”

“टाकीच चालेल म्हणाली, लीला. मी तिला विचारूनच—”

“मल्लिनाथ.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं नवऱ्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. अंबादासनं दगड खाली ठेवला. नळसुद्धा त्यानंच बंद केला.

पुढचा तास शिवलीला बोलली ती फक्त हुकूम. जुनी टाकी पुन्हा जागेवर. तळाची सगळी वाळू बाहेर, तिच्यात आता फक्त सडका वास उरला होता. टबात बुडालेले, ब्रश न लागलेले दगड तेवढे आत. गाळाच्या वरचं निवळ जुनं पाणी आत. आदल्या रात्री तिनं कालवून ठेवलेला ताजा समुद्र आत. फिल्टरचा जुना, काळा, घाणेरडा स्पंज मल्लिनाथनं टाकून द्यायला बाजूला ठेवला होता, तो तिनं कचऱ्याच्या बादलीतून काढला आणि दोन्ही हातांनी, एखादं बाळ धरावं तसा, आणून आत बसवला. जी वस्ती न्हाणीघराच्या जाळीतून गेली ती गेली. उरलेली ह्या स्पंजात आणि ह्या अर्ध्या दगडांत होती.

“हवेची नळी धरा. हलवू नका. नागमणी, पंखा इकडे कर. तुम्ही दोघं बाजूला व्हा, सावली पडतीय.”

“मी काही करू का?” मल्लिनाथनं विचारलं.

“नको.”

हे नको मल्लिनाथनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं, कारण तो खरोखरच थांबला.

शेवटी मासे, फूल आणि दुभाष्याची पट्टी आत सोडली, आणि सगळे टाकीकडे बघत बसले. डबा अधूनमधून म्हणत होता, “चालेल,” आणि प्रत्येक वेळी शिवलीलाच्या खांद्याला कुणी चिमटा काढावा तसं होत होतं. तिला मल्लिनाथचा राग होता, अंबादासचा होता, पण त्या डब्यावर राग काढावा तर कसा. तो खरं तेच बोलत होता. भाषा तेवढी तिची होती.

उन्हं कलली तेव्हा अक्का वरून खाली उतरली. समुद्रफुलाचं एक बोट बाहेर आलं, मग दुसरं. डबा खाकरल्यासारखा झाला आणि म्हणाला, “राहू दे, मी बघते माझं.”

“हे काय आता?” अंबादासनं विचारलं.

“राग उतरतोय,” शिवलीला म्हणाली. “जगतील.”

नागमणीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “आमच्या घरात हा डबा आणला, तर तो नुसता ‘बघू’ म्हणेल.”

*

मासे जगले म्हटल्यावर मल्लिनाथच्या अंगात पुन्हा जीव आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंबादासला पार्किंगमध्ये गाठलं.

“फेटा शोधलास का? टाकी चालेल म्हणाली. तुझ्यासमोर म्हणाली.”

“मासे मरायला टेकले होते बे.”

“पैज मरण्यावर नव्हती. शब्दावर होती.”

गोष्ट शब्दावर आल्यावर प्रकरण कंपनीकडे गेलं. शिवलीलानं खाली येऊन फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. कंपनीची मुलगी फार गोड बोलत होती.

“मॅडम, नोंद दिसतेय. काल तुमच्या टाकीनं अगदी वरच्या पायरीचा इशारा दिला होता, बऱ्याच वेळा. तुम्ही लगेच काही केलं नाही का?”

“इशारा कुठे?” मल्लिनाथ मध्येच म्हणाला. “ती चालेल म्हणत होती.”

“हो सर. तोच शब्द. तुमच्या घरात तो सगळ्यात वरच्या पायरीवर आहे. मॅडमची नाडी सगळ्यात जास्त धावते ती ‘चालेल’ म्हणताना. त्याच्या खालोखाल ‘काही नाही’.”

“आणि ‘नको’?” अंबादासनं घाईनं विचारलं.

“‘नको’ एकदम खालच्या पायरीवर, सर. मॅडम तो फक्त जेवताना म्हणतात. पोळी वाढताना.”

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन गॅलऱ्या भरल्या.

“म्हणजे तुमच्या घरच्या मराठीत,” मुलगी अजून गोड होऊन म्हणाली, “चालेलचा अर्थ अजिबात नको असा होतो. आम्हाला वाटलं, तुमच्या भागात तसं बोलत असतील.”

अंबादासनं दोन्ही हातांनी डोक्यावर फेटा बांधल्याचा अभिनय केला आणि मल्लिनाथकडे बोट दाखवलं.

“सर, मॅडम, आम्ही इथून शब्द बदलून देऊ शकतो,” मुलगी म्हणाली. “उद्यापासून डबा साध्या प्रमाण भाषेत बोलेल. की राहू दे असंच?”

मल्लिनाथनं शिवलीलाकडे बघितलं. तो विचार करत होता, हे दिसत होतं. विचार करायची सवय नसलेला माणूस विचार करायला लागला की चेहऱ्यावर ओझं उचलल्यासारखं दिसतं. पडदे, सोफा, गोवा, खिडकी, सगळं एकेक करून त्याच्या डोक्यात मागे जात होतं.

“खिडकीचं सुद्धा?” त्यानं हळूच विचारलं.

“खिडकीचं सुद्धा.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की. चालेल म्हणाले.”

“डबा आहे तसाच राहू द्या,” शिवलीला फोनला म्हणाली. “पट्टा मी परत बांधते. महिनाभरात नवीन शब्द शिकवते त्याला. आणि ह्यांनासुद्धा पट्टा पाठवा एक. न टोचणारा.”

*

मोठी टाकी शेवटी भरली, पण शिवलीलाच्या पद्धतीनं. अक्काला आणि फुलाला जागा तर हवीच होती. खिडकीत मशीन पुन्हा आलं आणि परकर पुरा झाला. टाकीला उन्हापासून लांब जागा लागते. अशी जागा हॉलमध्ये एकच होती, जिथं मल्लिनाथची पाय वर करून झोपायची खुर्ची होती.

“खुर्ची माळ्यावर टाकू,” शिवलीला म्हणाली. “पटतंय का? आणि खरं सांगा, मी पट्टा बघणारे.”

“नाही पटत,” मल्लिनाथ म्हणाला.

“बरं झालं सांगितलंत. तरी माळ्यावरच जाणारे.”

मुरलेला स्पंज आधी नव्या टाकीच्या फिल्टरमध्ये गेला. मग एकेक दगड, दर आठवड्याला एक, पाण्यातून पाण्यात. घासून पांढरे झालेले दगड मुरलेल्यांच्या शेजारी ठेवले, म्हणजे वस्ती आपली आपण पसरेल. मल्लिनाथला तिनं एकच काम दिलं, हवेची नळी धरायचं. त्यानं ते नीट केलं. शेवटी अक्का, भाऊजी आणि परातीएवढं फूल एका सकाळी नव्या घरात गेले. फुलानं दगडाला चिकटलेला आपला पाय सोडवला, दोन दिवस फिरून जागा शोधली आणि मग सगळी बोटं अशी पसरली की भाऊजीला पहिल्यांदाच अक्कापासून वीतभर लांब राहायला जागा मिळाली. ती मिळूनही तो लांब राहिला नाही, ते सोडा.

“बरंय,” डबा म्हणाला.

पैज फेडायचं मल्लिनाथ तोवर टाळत होता. कधी फेटा सापडत नव्हता, कधी घसा बसला होता. शेवटी फेटा नागमणीनं आपल्या नवऱ्याचा आणून दिला, कडक इस्त्री करून, म्हणजे कारणच संपलं.

त्या रविवारी सगळी कॉलनी गॅलरीत होती. घंटागाडी गेटातून आत आली. मल्लिनाथ मागच्या फळीवर उभा होता, गुलाबी फेट्याचा तुरा कानावर झुललेला, हातात माईक. अंबादास बाजूनं चालत होता, पंच म्हणून.

“ओला कचरा,” मल्लिनाथ माईकमध्ये म्हणाला.

“आवाज,” अंबादास म्हणाला.

“ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. माता-भगिनींनी...” मल्लिनाथला पुढचं सुचेना. “माता-भगिनींनी जे वाटतं ते बोलून टाकावं. आत साठवू नये. वास येतो.”

हे ठरलेलं नव्हतं. अंबादास चालायचा थांबला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. म्हाताऱ्या पाटणेकाकू कचरा न आणता नुसत्याच खाली आल्या होत्या, जवळून बघायला. गाडी प्रत्येक दारापुढं थांबत होती, कारण प्रत्येक दारातून कुणीतरी मजेत ‘थांब’ म्हणत होतं. हिशेबानं पाव तासाची फेरी संपता संपेना. फेट्याखालून घाम ओघळत होता, आवाज चिरकायला लागला होता.

फेरी संपत आल्यावर गाडी हत्तुऱ्यांच्या गॅलरीखाली आली. मल्लिनाथनं वर बघितलं. शिवलीला कठड्याला टेकून उभी होती, मनगटाला पट्टा. मागं दारातून मोठ्या टाकीचा निळा उजेड दिसत होता.

त्यानं माईक तोंडाशी धरला, तो बंद करायचं विसरून, आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं विचारलं, “बास का आता? एवढं चालेल ना?”

शिवलीलानं श्वास घेतला. जुना शब्द सवयीनं ओठापर्यंत आला. तिनं तो तिथंच थांबवला, गिळला, आणि मनगटाकडे बघितलं. नाडी शांत होती.

“नाही चालणार,” ती म्हणाली. “पहिली गल्ली राहिली. चल.”

गाडीला इतका स्पष्ट हुकूम कुणी दिला नसेल. तिनं जागेवर वळण घेतलं, भोंगा वाजवला, आणि फेटा सावरणाऱ्या मल्लिनाथला घेऊन पहिल्या गल्लीकडे निघाली.